नाव, प्रदेश आणि वर्ग : मराठवाडा विद्यापीठाची वाटचाल

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. निजामाच्या राजवटीतून सुटून या प्रदेशाला तेव्हा दहा वर्षे होत आली होती, आणि मुंबई राज्यात सामील होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. महाराष्ट्र राज्य तर अजून जन्माला यायचे होते. म्हणजे हे विद्यापीठ राज्याच्याही आधीचे आहे. मुंबई, नागपूर, पुणे आणि महिला विद्यापीठ सोडले, तर आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत त्या वेळी दुसरे विद्यापीठ नव्हते. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ त्यानंतर चार वर्षांनी आले.

या विद्यापीठावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. मात्र ते लेखन तीन वाटांनी गेले आणि या वाटा एकमेकींना क्वचितच मिळाल्या. पहिली वाट नामांतराची, म्हणजे विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या लढ्याची. तिच्यावरून जाणाऱ्यांना विद्यापीठ म्हणजे सामाजिक न्यायाचे रणक्षेत्र वाटते. दुसरी अनुशेषाची. सिंचन, रेल्वे, उद्योग यांच्या यादीत विद्यापीठही मागासलेल्या प्रदेशाच्या वाट्याला उशिरा आलेली एक सोय म्हणून नोंदवले जाते. तिसरी वाट दर्जाची. निकालांचे घोळ, कॉपी, पीएच.डी.चे पीक, रिकाम्या खुर्च्या हे तिचे विषय. माझ्या मते हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. मराठवाड्यातल्या कोणत्या मुलाला शिकायला मिळेल, आणि त्याला खरोखर शिकवायला कोणी असेल का, हा मूळ प्रश्न आहे. नाव, प्रदेश आणि दर्जा हे त्या प्रश्नालाच फुटलेले फाटे. म्हणून या आढाव्यात मी तो धागा धरून मागून पुढे येतो.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. संस्थानाचे विद्यापीठ म्हणजे १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया. त्याचे माध्यम उर्दू होते. आधुनिक भारतात एका देशी भाषेतून वैद्यकापासून कायद्यापर्यंत सर्व उच्च शिक्षण देण्याचा तो पहिला मोठा प्रयोग. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारून शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. देशी भाषांतून ज्ञान देण्याच्या गोष्टी करणाऱ्या आपण सर्वांनी त्या कामाला मानाचा मुजरा करायला हवा. मात्र बीड-परभणीच्या खेड्यातल्या मराठी मुलासाठी उर्दू ही घरची भाषा नव्हती. राज्यकारभाराची भाषा उर्दू, वरच्या इयत्तांतली भाषा उर्दू, आणि पदवी हवी असेल तर हैदराबाद गाठायचे. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय म्हणजे १९२३ साली निघालेले औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज. उर्दूचे थोर अभ्यासक मौलवी अब्दुल हक यांनी या कॉलेजचे प्राचार्यपद भूषवले. औरंगाबाद त्या काळी उर्दू विद्वत्तेचे एक मोठे केंद्र होते, ही गोष्ट आपण मराठी लोक सहज विसरतो.

खासगी शाळा काढायलाही संस्थानात सरकारी परवानगी लागे. तरीही माणसांनी शाळा काढल्या. औरंगाबादेत सरस्वती भुवन उभी राहिली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले आणि पुढे अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालयाचे काम उभे केले. संस्थानातल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेतृत्व पुढे ज्यांच्या हाती आले, ते मुळात शाळामास्तर होते. मराठवाड्याच्या राजकारणात आणि शिक्षणात दीर्घकाळ जी जवळीक राहिली, तिचे मूळ येथे आहे. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून औरंगाबाद, हैदराबाद आणि संस्थानातल्या इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून व महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. शिकण्यासाठी आपला मुलूख सोडून परमुलखातल्या विद्यापीठाचे दार ठोठवावे लागणे म्हणजे काय, हे त्या पिढीला अनुभवाने कळले होते. स्वतंत्र विद्यापीठाच्या मागणीत त्या अनुभवाचा वाटा मोठा होता.

१७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात विलीन झाले आणि दोन वर्षांत, १९५० साली, मराठवाड्याच्या दोन टोकांना दोन महाविद्यालये निघाली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत पुढे त्याचा प्राचार्य झाला. दुसरे औरंगाबादचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेले हे महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढून चार वर्षे झाली होती. बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. दुसरे महाविद्यालय पुणे-मुंबईकडे न काढता त्यांनी औरंगाबादच्या छावणीलगतच्या माळावर काढले, ही निवड विचारपूर्वक केलेली होती. जिथे अस्पृश्य समाजाच्या शिक्षणाची वाट सर्वांत बिकट होती, तिथे त्यांनी महाविद्यालय नेले. १ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ते महाविद्यालय नावारूपाला आणले. नागसेनवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या परिसरात केवळ मराठवाड्यातलीच नव्हे, तर विदर्भातली आणि खानदेशातली मुलेही येऊन राहिली. घरातले पहिलेच अक्षरओळख झालेले मूल येथे थेट पदवीपर्यंत पोचले. विद्यापीठाचा इतिहास १९५८ पासून सांगण्याची रीत आहे. मला तो १९५० पासून सांगावासा वाटतो, कारण पुढे विद्यापीठाने जे मोठ्या प्रमाणावर केले त्याची सुरुवात या दोन महाविद्यालयांत झाली होती.

१ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि एक विचित्र स्थिती निर्माण झाली. महाविद्यालये मुंबई राज्यात, तर त्यांचे विद्यापीठ, उस्मानिया, आंध्र प्रदेशात. न्यायमूर्ती पळणीटकरांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, तिने स्वतंत्र विद्यापीठाची शिफारस केली आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५८ साली कायदा झाला. पहिले कुलगुरू म्हणून एस. आर. डोंगरकेरी आले. मुंबई विद्यापीठाच्या कारभारात त्यांचे आयुष्य गेले होते आणि त्या विद्यापीठाचा शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनीच लिहिला होता. नव्या विद्यापीठाला घडी घालून द्यायला याहून जाणता माणूस मिळणे कठीण होते. पण मुंबईचा अनुभव घेऊन मुंबईचा साचाही आला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडनच्या धर्तीवर निघाले, ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे विद्यापीठ म्हणून. शिकवायचे महाविद्यालयांनी, तपासायचे विद्यापीठाने. हा संलग्नतेचा साचा मराठवाड्यातही बसवला गेला. पैसा थोडा, प्रदेश विस्तीर्ण, रस्ते खराब. त्या घडीला दुसरा मार्ग दिसत नव्हता हे मान्यच करायला हवे. आजची बरीच दुखणी मात्र त्या साच्यातूनच आलेली आहेत.

जागा मात्र अपूर्व मिळाली. शहराच्या उत्तरेला, बौद्ध लेणी कोरलेल्या डोंगराच्या पायथ्याशी सातशेहून अधिक एकरांचा माळ. एका बाजूला सोनेरी महाल, थोड्या अंतरावर बिबी का मकबरा, आणि नागसेनवन पायी जाण्याच्या टप्प्यात. मकाई दरवाजातून बेगमपुऱ्यात शिरायचे आणि पुढे विद्यापीठ. खेड्यातून आलेल्या हजारो मुलांनी बेगमपुऱ्यात आणि पहाडसिंगपुऱ्यात खोल्या घेऊन, हाताने स्वयंपाक करून येथे एम.ए., एम.एस्सी. केले. वसतिगृहे आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेने किती जणांना तारले, हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारावे.

विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत सर्वांत थोर कामगिरी कोणाची, असे विचारले तर मी मराठी विभागाचे नाव घेईन. मराठवाडा ही मराठीची आदिभूमी. मुकुंदराज आणि दासोपंतांचे अंबाजोगाई, नामदेवांचे नरसी, एकनाथांचे पैठण, रामदासांचे जांब. महानुभावांच्या आणि संतांच्या पोथ्या येथल्या मठांत, वाड्यांत, बासनांत बांधून पडलेल्या. डॉ. यू. म. पठाणांनी हा ठेवा शोधण्यात, वाचण्यात, संपादित करण्यात आयुष्य घातले. मराठी संतांचा आणि महानुभावांचा हा मुसलमान अभ्यासक १९९० साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. डॉ. प्रभाकर मांडे गावगाड्याबाहेरच्या भटक्या जमातींत फिरले, त्यांच्या बोली, गाणी, विधी टिपून घेतले आणि लोकसाहित्याला अभ्यासविषय म्हणून उभे केले. डॉ. गंगाधर पानतावणे आधी मिलिंदमध्ये आणि मग या विभागात शिकवत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले त्यांचे ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक दलित साहित्याचे मुख्य व्यासपीठ ठरले. त्यात कित्येकांचे पहिले लेखन छापून आले. सुधीर रसाळांची समीक्षा याच विभागात वाढली. नागनाथ कोत्तापल्ले येथे शिकवत आणि पुढे, २००५ ते २०१० या काळात, कुलगुरू झाले. एकाच विभागात संतसाहित्य, लोकसाहित्य आणि दलित साहित्य ही तिन्ही क्षेत्रे इतक्या ताकदीने नांदली, असे दुसरे उदाहरण मला महाराष्ट्रात आठवत नाही. आणि ते उगाच घडले नाही. अभ्यासाचा विषय विद्यापीठाच्या दारातच होता आणि शिकवणाऱ्यांना तो आपला वाटत होता. प्रादेशिक विद्यापीठ कशासाठी असते, याचे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

इतिहास विभागानेही ही वाट धरली होती. प्रा. रमेश शंकर गुप्ते यांनी अजिंठा, वेरूळ आणि औरंगाबादच्या लेण्यांवर लिहिले. नागपूर विद्यापीठाच्या साथीने भोकरदनला उत्खनन झाले. प्राचीन भोगवर्धन नगरीचे अवशेष त्यातून उजेडात आले आणि १९७४ साली त्याचा अहवाल निघाला. विद्यापीठाचे वस्तुसंग्रहालय या कामातून समृद्ध झाले. कमलाकर सोनटक्क्यांनी नाट्यशास्त्राचा विभाग उभारला. भालचंद्र नेमाड्यांनी काही वर्षे येथे इंग्रजी शिकवले. विज्ञान विभागांत अलीकडचा लक्षणीय उपक्रम म्हणजे जीवजातींची ओळख डीएनएवरून पटवणारे पॉल हेबर्ट यांच्या नावाचे केंद्र.

पण विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांत शिकणारी मुले एकूण विद्यार्थ्यांच्या मानाने मूठभर. खरे विद्यापीठ होते तालुक्या-तालुक्यांच्या महाविद्यालयांत. १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी मिळू लागली, अनुसूचित जातींच्या मुलांना शिष्यवृत्ती होतीच. १९६० साली औरंगाबादेत देवगिरी महाविद्यालय निघाले, १९६३ साली मौलाना आझाद महाविद्यालय. पाठोपाठ जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी शिक्षणसंस्था निघाल्या. त्यांच्यामागे स्वातंत्र्यसैनिक होते, वकील होते, नंतर साखर कारखानदार आणि आमदार आले. या संस्थांवर आज कितीही टीका होवो, शेतकऱ्याचे आणि शेतमजुराचे मूल, विशेषतः मुलगी, पदवीपर्यंत पोचली ती गावाजवळ महाविद्यालय आले म्हणून. औरंगाबादला खोली घेऊन मुलीला ठेवण्याची ऐपत आणि तयारी किती घरांची होती? एसटीने रोज जाऊन-येऊन होणारे शिक्षण हेच त्या मुलींचे शिक्षण होते. कला शाखेत मराठी माध्यम रुळले, त्याचाही या विस्ताराला मोठा आधार झाला.

मुले पदवीधर झाली, पण पदवीला लागून येणारी नोकरी मराठवाड्यात नव्हती. सत्तरच्या दशकातली विद्यार्थी आंदोलने समजून घ्यायची, तर हे ध्यानात ठेवावे लागते. कृषी विद्यापीठासाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १९७२ साली परभणीला ते मिळाले. त्याच वर्षी भीषण दुष्काळ पडला. १९७४ साली विकास आंदोलन पेटले. रोजगार, उद्योग, रुंद रेल्वे अशा त्याच्या मागण्या होत्या. मराठवाड्याचा प्रश्न महाराष्ट्राच्या पुढे ठळकपणे मांडला तो याच विद्यार्थ्यांनी. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष आकड्यांत मांडला, त्याला या आंदोलनांची पार्श्वभूमी होती. शिकलेल्या तरुणांची पहिली मोठी पिढी आपल्या प्रदेशासाठी बोलू लागली, हे विद्यापीठाचेच फळ. पण त्या पिढीत जी अस्वस्थता साचत होती, ती कुठे वळेल याचा विचार कोणी केला नाही.

ती वळली १९७८ साली. २७ जुलैला शरद पवारांच्या सरकारने विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव आणला आणि विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचे ठरले. ठराव होताच मराठवाडा पेटला. शहरांत बंद, जाळपोळ, मोडतोड झाली. खेड्यांत ज्यांचा विद्यापीठाशी दुरूनही संबंध नव्हता, त्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, विहिरी नासवल्या गेल्या, माणसे गाव सोडून पळाली. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत हिंसा सर्वांत उग्र होती. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावी पोचीराम कांबळे यांचा अमानुष खून झाला. ठरावाची अंमलबजावणी थांबली.

विरोधकांचा एक युक्तिवाद असा होता, की ‘मराठवाडा’ हे नाव मुक्तिसंग्रामातून आले आहे आणि ते पुसणे म्हणजे प्रदेशाची ओळख पुसणे. गोविंदभाई श्रॉफांसारखे त्यागी नेते या बाजूने उभे राहिले. त्यांच्या हेतूविषयी मी शंका घेणार नाही. पण प्रदेशाच्या अस्मितेचा युक्तिवाद खेड्यात पोचेपर्यंत जातीचा झाला होता, आणि तो तसा होतो आहे हे दिसत असताना त्याला ठामपणे आवरण्याची जबाबदारी नेत्यांची होती. ती पार पडली नाही. त्या वेळच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली : शिष्यवृत्ती आणि राखीव जागांमुळे दलित तरुण वर येताना दिसत होता, आणि नोकरी न मिळालेल्या सवर्ण पदवीधराला आपल्या बेकारीचे कारण तोच वाटू लागला. नोकऱ्या निर्माण न करणाऱ्या व्यवस्थेवरचा राग शेजारच्या वस्तीवर निघाला. विद्यापीठाने पदव्या दिल्या होत्या, पण ज्या समाजातून मुले आली त्या समाजाकडे डोळसपणे पाहायला शिकवण्यात आपले उच्च शिक्षण कमी पडले, हा माझ्या मते नामांतराच्या इतिहासातला सर्वांत कठोर धडा आहे.

नामांतरवाद्यांचा लढा सोळा वर्षे चालला. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. सत्याग्रह, तुरुंग, लाठ्या यांत एक पिढी गेली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ला, पवारच पुन्हा मुख्यमंत्री असताना, विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. बाबासाहेब आणि मराठवाडा, दोन्ही नावे राहिली. हा तोडगा १९७८ सालीही शक्य होता. मधल्या सोळा वर्षांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत बहुसंख्य माणसे अशी होती की ज्यांच्या घरात तोवर कोणी या विद्यापीठाची पायरी चढले नव्हते. दर चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी राज्यभरातून लोक लोटतात. तेथे पुस्तकांची जी विक्री होते, ती पाहावी. खेड्यातून आलेली बाई संविधानाची प्रत पिशवीत घालून परत जाते. एखाद्या विद्यापीठाच्या नावावर इतकी माया करणारा समाज दुसरीकडे शोधून सापडायचा नाही, आणि त्या मायेला शोभेल असे शिक्षण देण्याची जबाबदारी विद्यापीठावर त्या दिवसापासून आहे.

१९९४ हे वर्ष आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या साली राज्यातल्या विद्यापीठांसाठी एकच कायदा लागू झाला. आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर आणि परभणी जिल्हे तिकडे गेले; हिंगोली नंतर वेगळा जिल्हा झाला, तोही त्याच विद्यापीठात. औरंगाबादकडे औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद असे चार जिल्हे उरले. उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, २००४ साली उपकेंद्र झाले. नांदेडच्या विद्यार्थ्याला गुणपत्रिकेतल्या चुकीसाठी औरंगाबादला खेपा घालाव्या लागत, त्या थांबल्या. विभाजन योग्यच होते.

पुढे विद्यापीठाचा व्याप आणखी एका बाजूने घटला. वैद्यकीय महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली, तर अभियांत्रिकीची बरीच महाविद्यालये २०१७ पासून लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे. म्हणजे ज्यांच्याकडून शुल्क येते, ज्यांच्याकडे उद्योग आणि शहरी मध्यमवर्ग पाहतो, ते अभ्यासक्रम वेगळे झाले. प्रादेशिक विद्यापीठाकडे मुख्यतः कला, वाणिज्य आणि विज्ञानाची चारशेहून अधिक महाविद्यालये राहिली. गावात राहणारा, फारसे शुल्क न देऊ शकणारा, घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी येथे आहे. सत्तेत आणि वृत्तपत्रांत ज्यांच्या शब्दाला वजन आहे, त्यांची मुले आता या विद्यापीठात क्वचितच असतात. दुर्लक्ष होते ते यामुळे, असे माझे मत आहे.

दुर्लक्षाचे ठळक रूप म्हणजे शिक्षक नसणे. अनुदानित महाविद्यालयांत माणूस निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. नेट, सेट, पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर घेतली जातात. शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही उशिरा. सुट्टीत काहीच नाही. पस्तिशी-चाळिशीतला माणूस सकाळी एका गावी आणि दुपारी दुसऱ्या गावी तास घेत फिरतो. त्याने संशोधन कधी करावे, मुलांशी बोलावे कधी? कायम विनाअनुदानित महाविद्यालयांत स्थिती याहून बिकट आहे. तेथे कित्येकदा प्रवेश होतात, परीक्षा होतात, मधले शिकवणे मात्र होतच नाही. कॉपीच्या बातम्या दर हंगामात येतात आणि आपण मुलांना दोष देऊन मोकळे होतो. ज्याला वर्षभर कोणी शिकवले नाही, तो परीक्षेत काय लिहील? विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांतही एकेकाळी माणसांनी गजबजलेली दालने आज दोन-तीन प्राध्यापकांवर चालतात. पठाण, मांडे, पानतावणे यांचा वारसा सांगणाऱ्या विद्यापीठात वारसा चालवायला माणूसच नेमला जात नसेल, तर त्या वारशाचा उपयोग जयंतीच्या भाषणापुरता उरतो.

संलग्नतेचा साचा हा येथे मूळ अडसर आहे. चारशेहून अधिक महाविद्यालयांच्या परीक्षा, निकाल, मान्यता, तपासणी समित्या यांतच विद्यापीठाची सारी ताकद खर्ची पडते. नवे महाविद्यालय मंजूर करताना राजकीय दबाव असतो, बंद करायचे धैर्य कोणाकडे नसते. २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आणि त्यानंतरचे नवे शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालये आणि समूह विद्यापीठे हा यावरचा उपाय सांगतात. शहरातल्या मोठ्या संस्थांना तो मानवेल. भूम, आष्टी किंवा घनसावंगीच्या महाविद्यालयाला स्वायत्तता देऊन काय होणार, जर इतिहासाला कायम प्राध्यापकच नसेल? चार वर्षांची पदवी, विषयांची मुक्त निवड, कौशल्याचे अभ्यासक्रम हे सगळे कागदावर चांगले आहे. निवड करायला विषय शिकवणारी माणसे लागतात. माणसे न देता नवा आराखडा लादला, की खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला फक्त नव्या नावाची गुणपत्रिका येते.

दर्जाच्या नावाने या महाविद्यालयांना सरसकट मोडीत काढावे, असेही एक मत ऐकू येते. ते मला मान्य नाही. पटसंख्या कमी म्हणून तालुक्याचे महाविद्यालय बंद केले, तर मुलगे कदाचित शहरात जातील. मुलींची लग्ने होतील. दुष्काळी पट्ट्यात, ऊसतोडीला निम्मे गाव जाते अशा बीड जिल्ह्यात, गावाजवळचे महाविद्यालय हा बालविवाह लांबवण्याचाही एक मार्ग आहे. २०२४ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना शुल्कमाफी वाढवली. तिचा लाभ घ्यायला मुलगी बारावीच्या पुढे शिकत राहिली पाहिजे, आणि तिला शिकत ठेवणारे ठिकाण पुष्कळदा हेच साधे कला महाविद्यालय असते.

म्हणून सरकारकडे पहिली मागणी रिक्त जागा भरण्याची. विद्यापीठाने प्रत्येक महाविद्यालयात कोणत्या विषयाला किती कायम शिक्षक आहेत आणि वर्षात किती तास झाले, हे जाहीरपणे मांडावे. मराठी, इतिहास, पाली अशा विभागांनी मठांतल्या पोथ्या आणि बोलींचे काम पुन्हा हाती घ्यावे. ते काम दुसरे कोणतेही विद्यापीठ करणार नाही. हे घडवून आणण्याचे एक साधन वाचकांच्याही हातात आहे. नव्या कायद्याप्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. या विद्यापीठाची पदवी ज्यांच्या घरात आहे, त्यांनी पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवावे, आणि मत मागायला येणाऱ्याला आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात किती विषयांना कायम प्राध्यापक नाही, एवढे विचारावे.